पेन्शनच्या कागदांतून बाहेर आलेल्या शिपाई बायका

शेवंताची_नात (धागालेखिका)

दर नोव्हेंबरात आजीला बँकेत न्यायचं काम माझ्याकडे असतं. हयातीचा दाखला द्यायचा असतो. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, त्यांच्या मागे तिला फॅमिली पेन्शन मिळते. यंदा मशीनवर तिचा अंगठा उमटेना. नव्वदीच्या बोटांवर रेषा कुठल्या राहायला? ओला रुमाल झाला, व्हॅसलीन झालं, दहाही बोटं झाली. शेवटी आजी काउंटरवरच्या मुलाला म्हणाली, "बाळा, मी जित्ती हाय का न्हाई ते तूच बघून सांग की."

त्या अर्ध्या तासात बाकावर बसून मी फोनवर काहीबाही वाचत होते, त्यात अल्बर्ट कॅशियर हे नाव लागलं. घरी आल्यावर शोधाशोध सुरू झाली ती तीन आठवडे थांबली नाही. म्हणून हा धागा.

पुरुषाच्या वेषात सैन्यात शिरलेल्या बायकांबद्दल जे लिहिलं जातं त्यात शौर्यच पुढे असतं. मला वेगळंच दिसलं. रणांगणावर त्या बेमालूम खपून गेल्या. सापडल्या त्या दोनच ठिकाणी: एक दवाखाना, दुसरी पेन्शन कचेरी.

कॅशियरचंच घ्या. आयर्लंडमधल्या क्लोगरहेडला १८४३ साली जन्म, नाव जेनी हॉजर्स. अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलेलं असताना ऑगस्ट १८६२ मध्ये इलिनॉयच्या ९५व्या पायदळ पलटणीत अल्बर्ट या नावाने भरती झाला. उंची जेमतेम सव्वापाच फूट. व्हिक्सबर्गच्या वेढ्यात लढला. टेहळणीवर असताना शत्रूच्या हाती लागला, तेव्हा पहारेकऱ्याची बंदूक हिसकावली आणि निसटून छावणीत परत आला. तीन वर्षांत चाळीसेक चकमकी पाहिल्या. युद्ध संपलं तरी वेष उतरवला नाही. सॉनेमिन नावाच्या खेड्यात शेतमजुरी केली, चर्चची झाडलोट केली, संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावले. बायकांना मताधिकार मिळायच्या कितीतरी आधीपासून मत देत होता. १९१०-११ च्या सुमाराला मोटारीच्या धडकेत पाय मोडला आणि डॉक्टरला सगळं कळलं. डॉक्टर गप्प राहिला. पुढे क्विन्सीच्या सैनिक निवासातही वरची माणसं गप्प राहिली. पण १९१४ साली वेड्यांच्या इस्पितळात रवानगी झाली आणि तिथे जबरदस्तीने झगा घालायला लावला. पन्नास वर्षं पायात विजार वागवलेला माणूस झग्यात अडखळून पडला.

मग पेन्शन खातं जागं झालं. कोणी बाई एखाद्या मेलेल्या शिपायाची पेन्शन तर लाटत नाही ना? साक्षीला कोण आले, तर पलटणीतले म्हातारे सोबती. त्यांनी ओळखलं: हाच आमचा अल्बर्ट. पेन्शन चालू राहिली. १० ऑक्टोबर १९१५ ला गेला. गणवेशात पुरला.

दुसरी सारा एमा एडमंड्स, मूळची कॅनडाची. 'फ्रँकलिन थॉम्पसन' म्हणून १८६१ साली दुसऱ्या मिशिगन पलटणीत. कामं जखमींची शुश्रूषा आणि टपाल पोचवण्याची. १८६३ मध्ये हिवतापाने आजारी पडली. लष्करी दवाखान्यात गेलं तर बिंग फुटणार, म्हणून पळाली. झालं, फ्रँकलिनच्या नावापुढे 'पळपुटा' असा शेरा! वीस वर्षांनी संसार मांडून बसलेली ही बाई पेन्शन मागायला उभी राहिली, तेव्हा जुन्या सोबत्यांनी प्रतिज्ञापत्रं दिली. १८८४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तिच्या एकटीसाठी कायदा करून महिना १२ डॉलर मंजूर केले. पळपुटेपणाचा शेरा पुसायला आणखी खेटे घालावे लागले. सरकारी काम, सहा महिने थांब, ही म्हण तिकडेही चालली असती.

कोणाला आणखी माहिती असेल तर जरूर भर घाला.

*(संपादन: कॅशियरच्या परिच्छेदातली क्रियापदं बदलली आहेत. कारण खाली प्रतिसादांत.)*

खडकवासला_फाटा

जबरदस्त धागा. आजीला नमस्कार सांगा. एक बाळबोध शंका: भरतीच्या वेळी तपासणी होत नव्हती का? आमच्याकडे पोलीस भरतीला सुद्धा उघडं करून छाती मोजतात.

शेवंताची_नात

नियमात होती हो. पण माणसं हवी होती घाईने, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हात दाखव, दात दाखव एवढ्यावर भागायचं. दात का? त्या काळी बंदुकीच्या काडतुसाचं कागदी टोक दातांनी फाडून दारू ओतायची असे. समोरचे दात धड असले आणि चाप ओढायला बोट असलं की शिपाई तयार. शिवाय मिसरूड न फुटलेली पोरं वय वाढवून शेकड्याने घुसलेली होतीच. त्यांच्यात दाढी नसलेला आणखी एक चेहरा कोणाला खुपणार?

निर्मळ_डॉक्टर

सगळ्यांच्या मनात असलेला आणि कोणी न विचारलेला प्रश्न मीच घेते. पाळीचं काय?

एक, अपुरं खाणं आणि दिवसाला वीस-वीस मैल चाल, यात पाळी महिनोन्‌महिने बंद पडू शकते. दोन, रक्ताचे बोळे छावणीत दिसणं ही काय बातमी आहे? जखमा सगळ्यांनाच होत्या. तीन, छावणीतले सार्वजनिक संडास इतके घाण असत की पुरुषही झुडपांत जाणं पसंत करत, त्यामुळे लांब जाणारा कोणाला विचित्र वाटत नसे. कपडे तर झोपतानाही अंगावरच. आठवड्यात अंघोळ न करणं हा तिथला नियमच होता.

आणि मला वाटतं सगळ्यात मोठं कारण नजरेचं. विजार घातलेली बाई त्या लोकांनी आयुष्यात पाहिली नव्हती. विजार दिसली की पुरुष, विषय संपला.

गडबडगुंडा

ताई, बाळंतपणाचं काय मग?

निर्मळ_डॉक्टर

तेही झालंय! फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत (डिसेंबर १८६२) मर्दुमकी गाजवल्याबद्दल एका कॉर्पोरलला सार्जंट केलं, आणि काही आठवड्यांत सार्जंटसाहेब बाळंत झाले. एका अधिकाऱ्याने घरी पत्र लिहून ही बढती आणि ही बातमी एकाच दमात कळवली आहे. पूर्ण दिवस भरलेल्या अवस्थेत लढाई केली या गोष्टीवर मी आमच्या वॉर्डात दिवसभर बोलत होते.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण जरा थंड पाणी ओततो. हे प्रकरण फुगवून सांगायची जुनी सवय आहे. लॉरेटा वेलाझक्वेझ नावाच्या बाईने १८७६ मध्ये आपण दक्षिणेकडून पुरुष वेषात लढल्याचं जाडजूड पुस्तक काढलं. दक्षिणेच्याच जनरल अर्लीने ते वाचून नाकारलं होतं. एडमंड्सबाईंच्या आत्मचरित्रातही हेरगिरीची प्रकरणं तिखटमीठ लावलेली वाटतात. आकडा तरी काय आहे?

शेवंताची_नात

रास्त प्रश्न. वेलाझक्वेझ मी मुद्दामच गाळली होती. मेरी लिव्हरमोर ही युद्धकाळात मदतकार्यात असलेली बाई, तिच्या कानावर सुमारे चारशेचा आकडा आला होता, आणि खरा त्याहून जास्त असावा असं तीच म्हणते. अभ्यासक चारशे ते साडेसातशे धरतात. उत्तरेच्याच फौजेत वीस लाखांच्या आसपास माणसं होती, म्हणजे हे प्रमाण पिठातल्या मिठाएवढंही नाही. मान्य.

पण माझा मुद्दा आकड्याचा नाहीच. आपण मोजतोय त्या सापडलेल्या. ज्या सापडल्या नाहीत त्यांना कशा मोजणार? चांगला लपलेला शिपाई कागदावर पुरुषच राहतो.

आणि कागद असूनही लष्कराने काय केलं पाहा. १९०९ मध्ये आयडा टार्बेल या पत्रकार बाईने अमेरिकी लष्कराला सरळ विचारलं की यादवी युद्धात बायका भरती झाल्या होत्या का. उत्तर आलं, अशी अधिकृत नोंद नाही. नोंदी त्यांच्याच कपाटात होत्या.

शंकासुर

हे मात्र पटलं. सरकारी कपाट हे जगभर एकाच लाकडाचं असतं.

मोडीवाचक

आपल्याकडे ताराबाई, उमाबाई दाभाडे, झाशीची राणी होत्याच की. त्यांचा उल्लेख हवा होता.

शेवंताची_नात

हवा कशाला? त्या लपल्या नव्हत्या. उमाबाई सेनापती घराण्याच्या कर्त्या म्हणून उभ्या राहिल्या, राणीसाहेब राणी म्हणूनच घोड्यावर बसल्या. हा धागा शिपाईगिरीचा आहे, पगारावर काम करणाऱ्यांचा.

लष्करचा_मराठा (मुक्काम ग्वाल्हेर)

मग आमच्याकडची ऐका. शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी रेसिडेंटाच्या लवाजम्याबरोबर हिंडत होता. त्याच्या पत्रांत जोरावरसिंग नावाच्या शिपायाची हकीकत आहे. हा शिपाई म्हणजे एक तरुण मुलगी होती. तिचा भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत पडलेला. त्याला सोडवण्यापुरते पैसे जमवायचे म्हणून ती शिंद्यांच्या पलटणीत शिरली. बिंग फुटलं तेव्हा तिला शिक्षा झाली नाही, उलट दरबाराने दया दाखवली.

मला यात एक गोष्ट फार आवडते. वेगळी चूल आणि वेगळी अंघोळ करणारा शिपाई इंग्रजांच्या पलटणीत डोळ्यांवर आला असता. आपल्याकडे? सोवळ्याचा असेल बुवा, म्हणून लोकांनीच लांब राहून वाट दिली असणार. हा माझा तर्क, ब्रॉटनचा नाही.

शेवंताची_नात

अहो दादा, हे सोनं कुठे दडवलं होतंत! आणि पुन्हा कारण तेच, पैसा. अमेरिकेत उत्तरेकडचा साधा शिपाई महिना १३ डॉलर कमवत होता. धुणीभांडी करणाऱ्या पोरीला त्याच्या जवळपासही मिळत नव्हते.

कावेरीकाठची

तंजावरी मराठी घरातली मी, इथे प्रमाण मराठीत लिहिताना दोनदा तपासते. चूक झाली तर सांभाळून घ्या.

हॅना स्नेल कोणाला ठाऊक आहे का? इंग्लंडच्या वूस्टरची, १७२३ चा जन्म. नवरा सोडून गेला. ही जेम्स ग्रे बनून इंग्रजांच्या आरमारी शिपायांत शिरली आणि ॲडमिरल बोस्कावेनच्या आरमाराबरोबर थेट आमच्या किनाऱ्यावर आली. १७४८ मध्ये पुद्दुचेरीचा वेढा. आत फ्रेंचांचा गव्हर्नर डुप्ले, बाहेर इंग्रज. पावसाळा आला आणि वेढा उठला. तिच्या चरित्रात लिहिलंय की पायांना मिळून अकरा जखमा झाल्या आणि एक गोळी जांघेत बसली. ती गोळी डॉक्टरला दाखवली असती तर सगळं संपलं असतं. म्हणून तिने इथल्याच एका बाईच्या मदतीने ती काढली.

त्या बाईचं नाव कुठे नाही. इतिहासात जिचा मागमूस नाही अशी कोणीतरी तमिळ आया किंवा सुईण असेल. गोऱ्या शिपायाच्या जांघेतली गोळी काढली, गुपित पोटात ठेवलं आणि घरी गेली.

आता मराठ्यांशी नातं. १७४९ मध्ये इंग्रजांनी देवीकोट्टै घेतलं, कोळ्ळिडम नदीच्या मुखाशी. त्याही लढाईत ती होती असं चरित्र सांगतं. आणि देवीकोट्टै कोणाचं? तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांचं! व्यंकोजीराजांच्या वंशातले. गादीवरून काढलेल्या एका दावेदाराचा कैवार घेऊन इंग्रज आले होते, किल्ला मिळाल्यावर कैवार विसरले आणि त्या बिचाऱ्याला तनखा लावून बाजूला केलं. तेव्हा तटाच्या आत मराठी शिपाई आणि बाहेर जेम्स ग्रे नावाची बाई, अशी ती लढाई झाली.

शेवंताची_नात

मी हे तीनदा वाचलं. स्नेलचं नाव मला माहीत होतं, देवीकोट्टै आणि भोसले हे डोक्यातच आलं नव्हतं. हिची पेन्शन?

कावेरीकाठची

मिळाली! १७५० मध्ये लंडनला परतल्यावर पगार हातात पडेपर्यंत थांबली आणि मगच सोबत्यांना सांगितलं. शहाणी बाई. ड्यूक ऑफ कंबरलंडकडे अर्ज केला आणि चेल्सीच्या सैनिक रुग्णालयाची पेन्शन मंजूर झाली. दरम्यान लंडनच्या रंगमंचावर गणवेश घालून कवायत करून दाखवायची, तिकीट लावून. शेवट मात्र वाईट झाला. १७९२ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारली. पुरलं चेल्सीतच, इतर सैनिकांबरोबर.

निर्मळ_डॉक्टर

गोळी स्वतः काढण्यावरून डेबोरा सॅम्पसन आठवली. अमेरिकन क्रांतीतली. रॉबर्ट शर्टलिफ नावाने १७८२ मध्ये भरती, मांडीत गोळी लागली तर चाकू आणि सुईने आपणच काढली. पुढे फिलाडेल्फियात तापाने बेशुद्ध झाली आणि डॉक्टरला कळलं. १७८३ मध्ये सन्मानाने सुट्टी, १८०५ पासून महिना ४ डॉलर पेन्शन.

आजीच्या किश्श्यामुळे एक सांगते. डेबोरा गेल्यावर तिच्या नवऱ्याने, बेंजामिन गॅनेटने, मयत सैनिकाचा जोडीदार म्हणून पेन्शन मागितली. विधवांसाठी नियम होता, विधुरासाठी कुठला असणार? १८३८ मध्ये काँग्रेसने कायदा केला, तोवर तो बिचारा वारला होता. पैसे वारसांना गेले.

पोटमाळा

धागालेखिकेच्या सिद्धांताला सुरुंग लावायला आलो आहे. 'दवाखान्यात सापडल्या' म्हणता, तर सारा रोझेटा वेकमनचं काय? न्यूयॉर्क राज्यातली शेतकऱ्याची पोर, घरात कर्ज. आधी पुरुष वेषात कालव्यावरच्या नावेवर काम केलं, मग १८६२ मध्ये १५३व्या न्यूयॉर्क पलटणीत 'लायन्स वेकमन' म्हणून गेली. भरतीची बिदागी १५२ डॉलर. लुइझियानातल्या मोहिमेत लढली, जुलाबाने आजारी पडली, न्यू ऑर्लिन्सच्या लष्करी दवाखान्यात काही आठवडे पडून होती आणि १९ जून १८६४ ला तिथेच गेली. कोणाला कळलं नाही! किंवा कळलं ते बोलले नाहीत. थडग्यावर आजही लायन्स वेकमन आहे.

कळलं कशावरून? तिने घरी लिहिलेल्या पत्रांवरून. त्यांत ती पैसे पाठवते, शेताची चौकशी करते, आणि खाली सही रोझेटा. घरच्यांनी ती पत्रं माळ्यावर ठेवून दिली आणि शंभर वर्षं त्यांचा बोभाटा केला नाही. १९९४ मध्ये ती छापली गेली.

शेवंताची_नात

सुरुंग बरोबर बसला. दवाखाना, पेन्शन कचेरी आणि पोटमाळा असं म्हणू या. (तुमच्या आयडीला साजेसं उदाहरण आणलंत.)

पोटमाळा

आणखी मजा म्हणजे ती पत्रं संपादित करणाऱ्या लॉरेन कुक बर्जेस यांची. १९८९ मध्ये यादवी युद्धातल्या अँटिटमच्या लढाईचा देखावा हौशी लोकांनी उभा केला होता, त्यात त्या पुरुष शिपायाच्या वेषात सामील झाल्या. बायकांच्या स्वच्छतागृहातून बाहेर पडताना पकडल्या गेल्या. बाई शिपाई दाखवणं इतिहासाला धरून नाही म्हणे! त्यांनी खटला भरला आणि १९९३ मध्ये जिंकला.

गडबडगुंडा

म्हणजे सव्वाशे वर्षांनी पुन्हा एक बाई अँटिटमला पुरुष वेषात सापडली. मेलो हसून.

उलथापालथ

मी भाषांतराची कामं करते, त्यामुळे माझं डोकं भलतीकडेच गेलं. इंग्रजीत तोंड उघडलं तरी गुपित राहतं. मराठीत? 'मी आले' म्हटलं की खेळ खलास. चोवीस तास 'मी आलो, मी जेवलो, मी झोपलो' असं बोलायचं. झोपेत बरळतानाही. आपल्याकडच्या जोरावरसिंगला हिंदुस्तानीत हेच करावं लागलं असणार.

रशियनमध्येही भूतकाळाच्या क्रियापदाला लिंग असतं. नादेझ्दा दुरोव्हा १८०६ मध्ये घरातून पळाली, घोडदळात शिरली, नेपोलियनविरुद्ध बोरोदिनोला लढली, आणि झार अलेक्झांडरने स्वतः भेटून तिला अलेक्झांद्रोव्ह हे आडनाव दिलं. दहा वर्षं तिने जिभेवर केवढा पहारा ठेवला असेल! निवृत्तीनंतरही ती पुरुषी कपड्यांतच राहिली. तिच्या आठवणींचा भाग १८३६ मध्ये पुश्किनने आपल्या नियतकालिकात छापला.

यावरून एक बोलायचंय. धाग्यात कॅशियर सगळीकडे 'गेली, झाली, लढली' आहे. सारा एडमंड्स परत सारा झाली, तिला 'ती' म्हणा. पण कॅशियर युद्ध संपल्यावर पन्नास वर्षं पुरुष म्हणून जगला. त्याला झगा घातला तो इस्पितळाने. आपण क्रियापदाचा झगा घालतोय.

शंकासुर

आजचे शब्द दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला चिकटवणं मला पटत नाही. अडाणी, एकटी मुलगी होती. पुरुष म्हणून मजुरी जास्त मिळते, पेन्शन टिकते, म्हणून तशी राहिली, इतकं साधं असू शकतं.

उलथापालथ

असू शकतं. मनात काय होतं ते मी सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. सोबत्यांनी साक्षीत कोणाला ओळखलं तेवढं बघा.

मक्याच्या_शेतातून (ब्लूमिंग्टन, इलिनॉय)

तीन दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय. सॉनेमिन आमच्यापासून गाडीने तासाभरावर. धागा वाचून शनिवारी बायको-पोराला घेऊन गेलो. गाव म्हणजे दोन-चार रस्ते आणि चहूकडे मका. कॅशियरचं घर जपून ठेवलंय. घर कसलं, आमच्या गावाकडच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीएवढं.

दफनभूमीत दोन दगड आहेत. जुना लष्करी, त्यावर फक्त अल्बर्ट कॅशियर, कंपनी आणि पलटण. दुसरा मोठा, नंतर गावाने बसवलेला, त्यावर दोन्ही नावं. पोराने विचारलं, "बाबा, इथे दोघं झोपलेत?" मी नाही म्हटलं, पुढे काय सांगावं सुचेना.

व्हिक्सबर्गलाही मागे गेलो होतो तेव्हा इलिनॉयचं स्मारक पाहिलं होतं. वेढ्याच्या ४७ दिवसांच्या ४७ पायऱ्या, आत छत्तीस हजारांवर नावं कोरलेली. कॅशियरचंही आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. शोधलं असतं.

शेवंताची_नात

भाऊ, डोळ्यांसमोर उभं केलंत. आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पेन्शन चालू ऱ्हायली न्हवं? मग झालं."

उलथापालथ, तुमचं पटलं. कॅशियरचा परिच्छेद संपादित केला आहे, आता सगळी क्रियापदं पुल्लिंगी आहेत.

मोडीवाचक

एक राहिलंय. "पहारेकऱ्याची बंदूक हिसकावली".

उलथापालथ

ते बंदुकीचं आहे हो.